ॲडमिरलसाहेबांच्या ट्रंकेतला गोळा

पत्रांचा शेवटचा गठ्ठा उचलला, तसं तळाशी काहीतरी घरंगळलं आणि ट्रंकेच्या पत्र्यावर टण् करून आपटलं. पितळी, हातभर लांब, टोकाला निमुळतं.

मी कॉन्झर्वेटर आहे. म्हणजे जुने कागद, कपडे, वस्तू आणखी खराब होऊ नयेत म्हणून त्यांची निगा राखते. त्या दिवशी कोल्हापुरात एका नामवंत, दिवंगत ॲडमिरलच्या घरी त्यांची पत्रं, गणवेश, दुर्बीण म्युझियमसाठी पॅक करत होते.

"ते व्हय? मामांजींच्या पहिल्या जहाजावरची आठवण हाय," त्यांच्या सूनबाई सुमनवहिनी म्हणाल्या. "दर दिवाळीला चिंचेनं घासतो की."

असल्या आठवणी मी पुष्कळ पाहिल्यात. पण त्या तोफेच्या उडवलेल्या गोळ्यांच्या नुसत्या रिकाम्या नळ्या असतात. ह्याच्यावर गोळा तसाच बसलेला होता. टोकाला फ्यूजही होता. फ्यूज म्हणजे स्फोट घडवणारी कळ.

"वहिनी, कशाला हात लावू नका. हळू बाहेर चला."

"आणि आईसाहेब?"

साहेबांच्या पत्नी शेजारच्या खोलीत अंथरुणाला खिळलेल्या. बाहेरची वाट ट्रंकेजवळूनच. आम्ही दोघींनी त्यांना खुर्चीत बसवलं आणि खुर्ची उचलली. ट्रंकेपाशी आम्ही खुर्ची आणखी वर उचलली. खुर्चीचा पाय वीतभर अंतरावरून गेला.

"त्यांची पत्रं?" आईसाहेबांनी विचारलं.

"मागनं आणतो," वहिनी म्हणाल्या.

गल्लीच्या टोकाला पोचून मी पोलिसांना फोन केला, मग म्युझियमच्या संचालकांना.

"मॅडम, टेम्पो निघालाय. सगळं पाठवा, इथं बघू."

"सर, हे टेम्पोत घातलं तर बघायला काही उरणार नाही."

ते म्हणाले, "टेम्पो परत बोलावतो."

पोलिसांचं बॉम्बशोधक पथक आलं. त्यांनी आसपासची घरं रिकामी केली. जाड सूट घातलेला एक अधिकारी एकटाच आत गेला. तो बाहेर येईपर्यंत आईसाहेबांनी माझं मनगट धरून ठेवलं होतं.

"ह्याला कुणी हात लावला हुता?" त्यानं विचारलं.

"दरसाल घासतोय आम्ही," वहिनी म्हणाल्या.

तो बाटलीभर पाणी प्यायला.

गोळा जिवंत होता. कागलच्या बाजूला एका पडक्या खाणीत नेऊन त्यांनी तो फोडला. पत्रांना काही झालं नाही. ती आता म्युझियममध्ये आहेत.

तेव्हापासून लष्करी माणसाच्या घरी गेले की मी आधी दारूगोळ्याची चौकशी करते. घरचे हसतात. मी उत्तर मिळेपर्यंत दारात उभी राहते.