मावशीची विलायत

उमरेडहून सर्व्हिस मोटार सुटली तेव्हा धुकं इतकं दाट होतं, की मी झोपेतच निघाले आहे असं वाटत होतं. मांडीवर माझ्या पहिल्यावहिल्या कादंबरीचं बाड आणि मामानं मागावरून घाईनं उतरवलेलं लुगडं. कादंबरी यमुनामावशीची. गोरीपान, घाऱ्या डोळ्यांची ही कोष्ट्याची लेक साहेबाच्या अमदानीत रेल्वेच्या इस्पितळात अँग्लो-इंडियन ‘मिस डेझी’ बनून नर्स झाली आणि माहेरानं तिच्या नावानं आंघोळ केली. छापण्याआधी मला तिचा होकार हवा होता. पुण्यात बसलेल्या आईला एवढंच हवं होतं, की ताई आपल्याला अजून ओळखते का.

नागपुरात उतरल्यावर तर्रीपोहे (तिखटजाळ रस्सा ओतलेले पोहे) खाण्याचा शहाणपणा केला. त्यामुळे मावशीच्या दारात उभी राहिले ती डोळे पुशीतच!

रेल्वेच्या वसाहतीतले निम्मे बंगले बंद होते; माणसं विलायतेला गेलेली. ओट्यांवर वाळकी पानं हलके हलके फिरत होती. मावशी फ्रॉकमध्ये, हातात सिगारेट. यमुना नावाचं इथे कुणी नाही, असं तिनं इंग्रजीत सांगितलं, पण बसायला खुर्ची दिली. मीही हट्टी. नायिका बोटीवर चढते तिथपर्यंत सगळी कथा ऐकवली. ती खिडकीबाहेर बघत राहिली. शेवटी मी लुगडं पुढे ठेवलं.

पदराचा एक धागा तुटला होता. मावशीनं सिगारेटची राख चिमटीत घेतली, दोन्ही टोकं पिळली. धागा सांधला गेला. सकाळी मामानं चुलीतली राख घेऊन अगदी असंच केलं होतं. ती स्वतःच्या बोटांकडे बघतच राहिली.

“माग चालू हाय का वं?”

चालू आहे म्हटलं. मग आम्ही दोघी पोटभर रडलो. आता तर्रीचा काही संबंध नव्हता.

“छाप पुस्तक,” ती म्हणाली. “पण मले बोटीवर नको चढवू. सारे गेले, मी नाही गेली. हे लुगडं तुह्या मायले दे.”

परतीच्या गाडीत मी शेवटचं प्रकरण काढून टाकलं. मेलं तेवढंच झकास जमलं होतं! पण मी जिला सातासमुद्रापार पोचवलं होतं, ती माहेरापासून दोन-तीन तासांवर राहत होती.

आईनं दारातच विचारलं, ओळखलं का? मी पदर तिच्या हातात दिला. तिचं बोट धाग्यांवरून फिरत सांध्यापाशी थांबलं.

“अजून राख जास्तच घेते,” आई म्हणाली, आणि उंबऱ्यातच बसली.