माझ्या निरोपाचं भाषण

मंडळी, आज शाळेत जे झालं त्यावर हसायचं की नाही, ते तुम्हीच ठरवा.

बोईसरच्या एका शाळेत मी बारा वर्षं मराठी शिकवतेय. सकाळी मुख्याध्यापकांनी बोलावलं. "बाई, जूनपासून मराठीचे तास अर्धे. पालकांना कोडिंग हवंय. कविता शिकून कुणाला नोकरी लागते? उरलेले तास दुसऱ्या बाई घेतील. तुमची आता गरज नाही."

मी उठले, तर म्हणाले, "उद्या तुमचा निरोप समारंभ ठेवलाय. माझं भाषण तेवढं लिहून द्या ना. आमच्यात दुसऱ्या कुणाला जमतंय?"

सरांची सगळी भाषणं मीच लिहिते. आमचे शिपाईकाका वारले तेव्हा सरांना त्यांचं नावही आठवत नव्हतं. तरी भाषण ऐकून लोक ढसाढसा रडले.

मग काय, बसले आणि दिलं लिहून. आमच्या मावशी तारापूरच्या कोळीवाड्यातून कामाला येतात. चहा ठेवताना त्यांनी कागद वाचला आणि तोंडाला पदर लावला.

"बाई, सर आदी वाचून बगनार नाय?"

"बारा वर्षांत कधी बघितलंय का?"

भाषणाचा शेवट असा आहे: "बाईंचा विषय मला कायम फालतू वाटला. पण आजवर माझ्या ज्या भाषणांना तुम्ही टाळ्या वाजवल्यात, त्यातला एकही शब्द माझा नव्हता. हासुद्धा नाही."

उद्या सकाळी अकराला, सगळ्या पालकांसमोर. कोण कोण येतंय?