घंगाळ, मामा आणि सिक्युरिटी

१९३८ सालच्या जूनच्या वीस तारखेला, सकाळी साडेनऊ वाजता, नागपूरच्या एका कॉलेजच्या रसायनशाळेत आमच्या घरचे पितळी घंगाळ दाखल झाले. माझा एम.एस्सी.चा प्रवेश अद्याप व्हायचा होता.

काचसामानाबद्दल त्या दुपारपर्यंत ‘सिक्युरिटी’ द्यावी, अन्यथा जागा दुसऱ्यास जाईल, असे कॉलेजने कळवले होते. अनसिंगला घरी मी या शब्दाचे रीतसर वर्गीकरण केले : कोर्टात जामीन, सावकारीत तारण, बँकेत सरकारी रोखे.

“मंग तुया कॉलेजले कोन्ती पायजे?” बाबांनी विचारले.

“तसा उल्लेख नाही. सर्व शक्यता गृहीत धराव्यात.” (विज्ञानाची पदवी घेतली की माणूस असे बोलू लागतो!)

“रोखे कुठून आनू पोरी? बाकीचे दोन घेऊन जाय!”

बाकीचे दोन म्हणजे आईचे घंगाळ आणि आईचा भाऊ, सदूमामा.

आता, आमच्याकडे जामीन म्हणजे नुसती सही नव्हे. कारंज्याच्या बाजारात विश्वासावर माल उचलला, की जामीनदार व्यापाऱ्याच्या ओट्यावर बसतो आणि व्यवहार पुरा होईस्तोवर उठत नाही. मामाने रसायनशाळेत शिरताच एक स्टूल हेरले, घंगाळ मांडीवर घेतले आणि बैठक मारली!

“मामा, उठा! सही पुरेल!”

“सही कोनीबी करते. जामीन बसते!”

“किती वेळ?”

“तुयं शिक्षण होईस्तोवर. तुया मायले सांगून आलो, डबा पाठवजो म्हून.”

शिक्षण दोन वर्षांचे होते! मी कपाळाला हात लावला, तोच प्राध्यापक आत आले.

“हे गृहस्थ कोण?”

“सिक्युरिटी, सर.”

“आणि ते भांडे?”

“तीही सिक्युरिटी, सर.”

“अहो बाई, एका सहीने भागले असते!”

“रामराम सायेब!” म्हणत मामा अदबीने उठला आणि त्याने दोन्ही हात जोडले. मांडीवरचे घंगाळ मात्र कोणी धरलेले नव्हते. ते घरंगळत, घणघणत, थेट काचसामानाच्या खालच्या फळीवर गेले!

प्राध्यापकांनी वाकून फळी तपासली. मग त्यांनी माझ्या अर्जावर सही केली. “प्रवेश मंजूर. मामांना घरी न्या. घंगाळ नुकसानीपोटी इथेच राहील.”

“पाह्यलं?” मामा छाती फुगवून म्हणाला, “तारण कामी आलं का नाही?”

प्रयोगवहीत मी पहिली नोंद काटेकोरपणे केली : फुटलेल्या परीक्षानळ्या एकोणीस, माझ्या वर्गीकरणाची उपयुक्तता, शून्य.