तारीख नसलेली कात्रणं

माझे वडील, आप्पा, कुरुंदवाडला शिवणकाम करायचे. मी कोल्हापुरात पुराच्या बातम्यांवर पीएच.डी. करायला लागले तेव्हा त्यांना कोण आनंद! "पुराचं काय बी छापून आलं की मी कापून ठेवतो, तू घोर करू नगंस," म्हणाले. दुकानात येणारा पेपर तर त्यांनी कापलाच, वर गल्लीत घरोघर हिंडून वर्षानुवर्षांची रद्दीही मागून आणली.

एक दिवस भरलेली पिशवी घेऊन एस.टी.नं माझ्या खोलीवर आले. मी पिशवी उघडली आणि माझं डोकंच फिरलं. कात्रणं कशी, तर अगदी बेतून कापलेली. जादा असेल ते छाटायचं, ही हाताची सवय. त्यात पेपरचं नाव गेलं, तारीख गेली. आणि पुराची बातमी म्हणजे काय हो, दरसाल तीच! राधानगरीचे दरवाजे उघडले, पंचगंगेनं धोक्याची पातळी ओलांडली, माणसं शाळेत हलवली. कुठल्या सालची, ओळखायची कशी? बिनतारखेच्या बातमीला प्रबंधात कोण विचारतो?

मैत्रिणी समोर बसल्या होत्या, तरी माझी जीभ आवरली नाही. "आप्पा, कचरा केलाय तुम्ही सगळा! मला न विचारता कात्री कशाला लावायची?"

"चुकलं बघ," एवढंच म्हणाले. चहाला थांबले नाहीत, लगेचच्या गाडीनं परत गेले. मी स्टँडपर्यंतसुद्धा गेले नाही. शिकल्याचा माज, दुसरं काय!

पुढं वाचनालयातल्या ग्रंथपाल बाईंनी एक कात्रण हातात घेतलं आणि म्हणाल्या, "अगं, उलटं करून बघ की." मागच्या बाजूला कुणाची निधनवार्ता असते, गुळाचा भाव असतो, परीक्षेच्या निकालाचा तुकडा असतो. त्यावरून साल ताडायचं आणि बांधून ठेवलेल्या जुन्या अंकांत हुडकायचं. वेळ खातं, पण सापडतं. आप्पांची निम्मी कात्रणं मी तशी लावली. त्यांना हे सांगायचं होतं. फोनवर नको, घरी गेल्यावर सांगू, असं म्हणत राहिले. आप्पा श्रावणात झोपेतच गेले.

दिवसकार्य झाल्यावर आईनं शिलाई मशीनशेजारची ट्रंक उघडली. आत पेपर होते, अख्खेच्या अख्खे, शिवून झालेल्या शर्टांसारखे घडी घालून ठेवलेले. मी एकेक उलगडला. पुराच्या बातमीभोवती कापडावर मारतात त्या निळ्या खडूची रेघ होती. कात्री कुठंच लागली नव्हती.

"मी म्हणलं, कापा की, किती जागा अडतीया," आई सांगत होती. "तर म्हणाले, न्हाय. पोरीला इचारल्याबिगर कात्री लावायची न्हाय."

जन्मभर लोकांच्या कापडाला बेधडक कात्री लावणारा माणूस माझ्या एका बोलण्यानं रद्दीच्या कागदाला भ्याला होता. मी तिथंच फरशीवर बसले आणि ओक्साबोक्शी रडले. आई पाणी घेऊन आली, तरी माझं एकच चाललं होतं, "कापा की आप्पा. तुम्हाला पाहिजे तसं कापा. तारखा मी हुडकते."