दुपारची मोजणी

जमीन मोजणीच्या दगडाला हात लावण्याआधी दगडवाले भाऊ पायातल्या चपला काढत. मे महिन्यातली तापलेली काळी माती असली तरी. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, आता शेंदूर लावतात की काय. ते म्हणाले, "देव नाही वं पोरी तो. पन माह्याआधी कोनीतरी उन्हात उभं राहून हे जागा ठरवली. त्याची मेहनत आहे." मग ओल्या रुमालाने दगडावरची खूण पुसत.

उमरेडच्या विणकर घरातला हा माणूस. घरचा माग बंद पडल्यावर मोजणी खात्यात लागला, निवृत्त झाला आणि नागपूरजवळच्या मिहानमधल्या आमच्या लहानशा कंपनीत कंत्राटावर आला. आम्ही लष्करी गाड्यांसाठी एक यंत्र तयार करत होतो. उपग्रहाचे सिग्नल शत्रूने बंद पाडले, तरी गाडी नेमकी कुठे आहे हे सांगणारं. गाडीची प्रत्येक हालचाल, प्रत्येक वळण मोजत ते स्वतःच जागा काढायचं. ते खरं सांगतं की नाही हे पडताळायला आम्ही जीप घेऊन मौद्यापासून पारशिवनीपर्यंत फिरायचो. जुने दगड कुठल्या बांधावर आहेत ते भाऊंनाच ठाऊक. दगडाची जागा सरकारी नकाशात पक्की. यंत्र सांगेल ती जागा तिच्यापासून जितकी दूर, तितकी चूक.

चालता चालता यंत्राची चूक साचत जाते, म्हणून दर चार मिनिटांनी जीप पूर्ण थांबवावी लागे. आपण स्थिर आहोत हे यंत्राला कळलं पाहिजे. तेवढा वेळ भाऊ कुणाला हलू देत नसत. एकदा मला जोराची शिंक आली, तर त्यांनी अख्खा फेरा रद्द करून जीप मौद्याला परत नेली. चिडले नाहीत. जेवताना डब्यातला झुणका माझ्या पोळीवर वाढत म्हणाले, "शिंक तुही, पन चूक माह्या नावाची."

सकाळचे फेरे चांगले जात. दुपारी यंत्राची पेटी हात लावता येणार नाही इतकी तापे, आणि पाच-दहा पावलांची चूक अख्ख्या शेताएवढी होई. कंपनीच्या साहेबांनी ठरवलं, लष्कराला द्यायच्या अहवालात सकाळचेच फेरे घ्यायचे, दुपारचं नंतर बघू. भाऊ हात बांधून उभे होते. अगदी हळू म्हणाले, "साहेब, दुपारी लढाई बंद राहते का? कोनाचा तरी पोरगा त्या गाडीत बसन." सहीसाठी पुढे केलेला पेन त्यांनी घेतला नाही.

तो मी घेतला. माझी नोकरी कायम व्हायची होती, वडिलांचं डायलिसिस सुरू होतं. ही कारणं खरी आहेत आणि त्यांचा काही उपयोग नाही.

भाऊंचं कंत्राट पुढे वाढलं नाही. जाताना त्यांनी मला एवढंच सांगितलं, की पारशिवनीच्या दगडाभोवती बाभळी माजल्या आहेत, त्या तोडून घे. रागावले असते तर बरं झालं असतं. यंत्रं तयार झाली, पेट्यांत बंद होऊन गेली. कुठे, ते आम्हाला कुणी सांगत नाही.

या उन्हाळ्यात कळलं, भाऊंना लकवा मारला. मी उमरेडला गेले. त्यांनी मला ओळखलं, पण शब्द नीट फुटेना. भाऊंच्या पत्नी, काकू, त्यांच्या तोंडाशी कान नेत आणि मला सांगत. तिसऱ्यांदा ऐकल्यावर त्या म्हणाल्या, "ते इचारून राहिले, दुपारी फिरली का वं तू?"

फिरले नव्हते. कुणीच फिरलं नव्हतं.

मी म्हणाले, "हो भाऊ. दुरुस्त झालं. आता दुपारीही बरोबर दाखवतं."

त्यांनी डोळे मिटले. चालता हात सरकवत आणून माझ्या हातावर ठेवला आणि तसेच झोपी गेले. कितीक दिवसांनी इतके शांत झोपले, असं काकू दारापर्यंत सांगत आल्या.

आठवड्याने भाऊ गेले. जन्मभर कुणाचा आकडा तपासल्याशिवाय न घेणाऱ्या त्या माणसाने माझा शब्द मात्र तसाच घेतला.