रामनगरच्या पुलावरची खाली बसवलेली पिकअप

काशीतल्या मराठी मंडळींनो, हे वाचा आणि जरा सावध व्हा.

दुपारी रामनगरच्या पुलावर आमची कार बंद पडली. एक पिकअप आपणहून थांबली. ती इतकी खाली बसवलेली होती की अर्धी चाकं आत गेली होती. ड्रायव्हर म्हणाला, "बहनजी, खींच देते हैं।" एवढा भलेपणा? मला तेव्हाच शंका आली.

त्याने दोर बांधला. नवरा कारच्या स्टिअरिंगवर बसला, मी पिकअपमध्ये. तिथून मी नवऱ्याला फोनवर मराठीत सांगत राहिले, "अहो, गाडी मुद्दाम खाली केलीय. मागे ताडपत्रीखाली काहीतरी लपवलंय. स्पीडब्रेकरसुद्धा तिरका घेतोय, लक्षण ठीक नाही. नंबर लिहून ठेवा."

ड्रायव्हर समोर बघत गाडी चालवत होता.

त्याने आम्हाला आमच्याच मेकॅनिककडे आणून सोडलं. मग ताडपत्री उचलली. खाली नुसती रिकामी गोणपाटं.

"बघून घ्या, ताई," तो स्वच्छ मराठीत म्हणाला. "नाशिकला अकरा वर्षं होतो. दुर्गेच्या मूर्ती नेतो मी. मूर्ती उंच, रस्त्यावरच्या तारा खाली, म्हणून गाडीच खाली केली. नंबर नीट लिहिलात ना?"

मंगला गौरीच्या गल्लीत आम्ही जन्मभर चारचौघांत असंच बिनधास्त मराठी बोलत आलोय. आता मला सगळ्यांचीच शंका येतेय.

तुमच्यासमोर कधी कोणी उगाच हसलंय का? परवा भाजीवाल्यासमोर मी त्याच्या मिशीबद्दल बोलले, तेव्हा तो हसला होता.