रुपाची अंगाई

तुमसरच्या कौशल्याबाईंची लेक रुपा लहानपणीच तलावात बुडून गेली. कौशल्याबाईंनी तिच्यासाठी रचलेली अंगाई पुढे भाच्याने हट्टाने रेकॉर्ड करवून घेतली आणि मावशीला गीतकारांच्या संस्थेचं सभासदही केलं.

मग डीजेवाल्यांनी ती अंगाई ठेक्यावर चढवली. मांडवातून, बसमधून, कुणाच्याही मोबाइलमधून ती वाजायची. रुपा दचकून उठली असं वाटून कौशल्याबाई दर वेळी हातचं काम टाकून दाराशी धावायच्या.

एक दिवस संस्थेतल्या स्वातीचा फोन आला. "ताई, गाणं खूप वाजतंय. हॉल आणि चॅनेलवाल्यांकडून जमा झालेला तुमचा वाटा पाठवलाय."

"ते बंद नाही करता येत का, बाई? माह्या पोरीले झोपू देऊन नाही राहिलं."

"आम्ही फक्त मोबदला गोळा करून पोचवतो, ताई. सभासद होताना गाणं वाजवू द्यायचा हक्क तुम्हीच संस्थेकडे सोपवलाय; पैसे भरणाऱ्याला आता नाही म्हणता येत नाही."

त्या संध्याकाळी जवळच्या लग्नाच्या मांडवात पुन्हा ठेका सुरू झाला. कौशल्याबाई तलावाच्या पाळीवर जाऊन बसल्या आणि तीच अंगाई मूळच्या संथ चालीत म्हणू लागल्या.

"ते लोकाईचं हाय, बाई," त्या पाण्याकडे पाहून म्हणाल्या. "हे तुह्यं."

डीजे थांबला, तरी त्या गातच राहिल्या.